संत्र्याची पिवळी पाने : निदान कसे करावे ?

नागपूर, अमरावती व वर्धा या जिल्ह्यांतील संत्रा बागाईतदारांकडून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांकडे ज्या तक्रारी येतात, त्यांत "झाडाची पाने पिवळी पडली आहेत, काय फवारू ?" ही तक्रार नेहमीची होय. विचारणाऱ्याला उत्तर ताबडतोब हवे असते आणि सांगणाऱ्यालाही ते ताबडतोब देऊन मोकळे व्हावेसे वाटते. मग दुकानातून सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या मिश्रणाची एखादी बाटली आणली जाते, ती फवारली जाते आणि महिनाभर वाट पाहिली जाते. पाने हिरवी झाली तर बाटलीचे नाव होते. न झाली तर दुसरी बाटली येते. या खटपटीत पैसा जातोच, पण त्याहून अधिक मोलाची वस्तू जाते, ती म्हणजे वेळ. संत्र्याचे झाड लावल्यापासून बहार धरण्यास पाच-सहा वर्षे लागतात. मुळे कुजू लागलेले झाड एक पावसाळाभर तसेच राहू दिले तर ही पाच-सहा वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात.

पान पिवळे पडणे हा रोग नव्हे, ते केवळ लक्षण आहे. पानातील हरितद्रव्य तयार होण्यात किंवा टिकून राहण्यात अडथळा आला की पान पिवळे दिसते. हा अडथळा लोहाच्या, जस्ताच्या किंवा नत्राच्या अभावामुळे येऊ शकतो. मुळे गुदमरल्यामुळे येऊ शकतो. कलमाच्या डोळ्याबरोबर आलेल्या रोगामुळेही येऊ शकतो. पहिल्या प्रकारात थोडेसे हिराकस पुरेसे होते, दुसऱ्यात पाणी आवरावे लागते आणि तिसऱ्यात झाड उपटून टाकावे लागते. रंग तिन्ही ठिकाणी पिवळाच. तेव्हा औषधाचा विचार करण्यापूर्वी कोणती पाने पिवळी आहेत, पानाचा कोणता भाग पिवळा आहे आणि बागेतील कोणती झाडे पिवळी आहेत, या तीन गोष्टी पाहिल्याच पाहिजेत.

बागेत शिरताना

कार्यकर्त्याने बागेत गेल्यावर पहिल्याच झाडाचे पान तोडून हातात घेऊ नये. प्रथम धुऱ्यावरून बागेस एक फेरी मारावी. सर्व बाग सारखी फिकट असेल तर कारण बहुधा खताचे किंवा हंगामाचे असते. पिवळेपणा एका पट्ट्यात असेल आणि तो पट्टा बागेच्या सखल भागी असेल तर पाण्याचा संशय घ्यावा. पट्टा उंचवट्यावर असून तेथील माती वरच्या मानाने पांढुरकी व चुनखड्यांनी भरलेली असेल तर चुन्याचा संशय घ्यावा. सर्वत्र हिरवी झाडे आणि मधूनच एखादे पिवळे झाड, किंवा हिरव्या झाडावर एकच पिवळी फांदी, असा प्रकार आढळल्यास अधिक सावधपणे पाहावे. अन्नद्रव्याचा अभाव जमिनीतून येतो. तो शेजारची दहा झाडे वगळून एकाच फांदीवर सहसा येत नाही.

बागाईतदारास चार प्रश्न विचारावेत. पाणी बुंध्याशी देता की दूर ? आंबिया बहारासाठी ताण केव्हा दिला ? तणनाशक फवारले होते काय ? कलमे कोठून आणली ? प्रश्न साधे दिसले तरी निम्मे निदान येथेच होते. दुसऱ्या प्रश्नाचेच उदाहरण घ्या. आंबिया बहार घेण्यासाठी पाणी तोडले म्हणजे झाड फिकट पडते आणि काही पाने गळतात. हे अपेक्षितच असते. ताण बसल्याची ती खूण आहे. अशा वेळी पानाचा रंग पाहून खत किंवा फवारा सुचविणे म्हणजे उपाशी माणसाला अन्नाऐवजी औषध देण्यासारखे होय. ताण सोडून पाणी दिल्यावर नवती फुटते. ती फुटून पाने आकारास आल्यावर मगच पाहणी करावी.

तिसरा प्रश्नही अलीकडे महत्त्वाचा झाला आहे. ग्लायफोसेटचा फवारा वाऱ्याने खालच्या फांद्यांवर गेला तर पुढील नवतीची पाने अरुंद, लहान व पिवळसर येतात आणि ती हुबेहूब जस्ताच्या अभावासारखी दिसतात. फरक एवढाच की ती झाडाच्या खालच्या भागी किंवा वाऱ्याच्या बाजूसच असतात.

जुने पान की नवे पान

झाडाच्या अंगी एक गुण आहे. काही अन्नद्रव्ये ते गरजेप्रमाणे जुन्या पानातून काढून नव्या पानास देऊ शकते. नत्र व मॅग्नेशियम ही अशी फिरती द्रव्ये होत. लोह, जस्त व मँगनीज ही मात्र एकदा पानात बसली की बहुतांशी तेथेच राहतात. यामुळे फिरत्या द्रव्याचा तुटवडा पडल्यास झाड जुन्या पानांस उपाशी ठेवून नव्यांस पोसते आणि जुनी पाने आधी पिवळी पडतात. न फिरणाऱ्या द्रव्याचा तुटवडा असेल तर जुनी पाने हिरवीगार राहतात व शेंड्याकडील कोवळी पाने पिवळी येतात. ही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली तरी निदानातील निम्म्या चुका टळतील.

जुनी पाने शिरांसकट सारखीच फिकट पिवळी झाली असतील, झाडाची वाढ मंदावली असेल आणि सर्व बागेत हाच प्रकार असेल तर नत्राचा अभाव समजावा. त्यातही तण किती माजले आहे ते पाहावे. हरळी व लव्हाळा यांनी भरलेल्या आळ्यात नत्र टाकले तर त्यातील मोठा वाटा तणच खाते.

मॅग्नेशियमचा अभाव ओळखणे सर्वांत सोपे. जुन्या पानाच्या दोन्ही कडांकडून पिवळेपणा आत सरकत जातो. मधल्या शिरेच्या दोहों बाजूंस, देठाकडे रुंद आणि टोकाकडे निमुळता असा हिरव्या रंगाचा तिकोन तेवढा उरतो. हा प्रकार फळांनी लदलेल्या फांद्यांवर आणि फळे मोठी होत असताना अधिक दिसतो, कारण त्या वेळी फळे पानांतील मॅग्नेशियम ओढून घेतात. पालाश अतोनात घालण्याची सवय असलेल्या बागांतही तो आढळतो. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट या प्रमाणात दोन-तीन फवारण्या केल्यास पुढील पाने सुधारतात. जी पाने पिवळी झाली ती मात्र सहसा पूर्ण हिरवी होत नाहीत, हे बागाईतदारास आधीच सांगून ठेवावे. नाहीतर औषध वाया गेले असे त्यास वाटते.

आता नव्या पानांकडे वळू. येथे तीन द्रव्यांची गल्लत होते.

जस्ताच्या अभावी पान लहान, अरुंद व टोकदार येते आणि फांदीवर उभे राहते. दोन पानांमधील पेरे आखूड होते, त्यामुळे शेंड्याशी पानांचा झुबका झाल्यासारखा दिसतो. शिरा व त्यांच्या लगतचा भाग हिरवा राहतो आणि मधले ठिपके ठळक पिवळे होतात. झाडाच्या उन्हाकडील बाजूस, म्हणजे दक्षिणेकडे, हे लक्षण अधिक तीव्र असते. पुढे फांद्यांचे शेंडे वाळू लागतात. मँगनीजच्या अभावी पानाचा आकार कमी होत नाही. शिरांलगत गडद हिरवे पट्टे आणि मध्ये फिकट हिरवा रंग, इतकाच फरक दिसतो आणि तो सावलीकडील बाजूस अधिक असतो. लोहाच्या अभावी पानाचा आकार बहुधा नेहमीचाच राहतो. संपूर्ण पाते फिकट पिवळे होते आणि त्यावर अगदी बारीक शिरांचेसुद्धा हिरवे जाळे काढल्यासारखे स्पष्ट दिसते. दुखणे वाढले की हे जाळेही पुसट होऊन पान जवळजवळ पांढरे पडते.

एकाच झाडावर दोन्ही अभाव असणे हे आपल्याकडील काळ्या जमिनीत सामान्यच आहे, कारण त्यांचे मूळ कारण पुष्कळदा एकच असते. ते कारण म्हणजे चुना.

चुनखडी व लोह

विदर्भातील काळी जमीन काळ्या पाषाणापासून झालेली आहे. तीत लोह कमी नाही. उलट ते भरपूर आहे. पण भांड्यात धान्य असूनही भांड्याचे झाकण उघडत नसावे, तशी झाडाची अवस्था होते. जमिनीत मुक्त चुना अधिक असला म्हणजे तिचा सामू आठाच्या आसपास राहतो आणि त्या सामूस लोह पाण्यात न विरघळणाऱ्या रूपात अडकून पडते. त्यातच जमीन सतत ओली राहिली तर मुळांच्या श्वसनातून सुटणारा कर्बवायू मातीतच कोंडतो, त्याची चुन्याशी क्रिया होऊन बायकार्बोनेट तयार होते आणि झाडास लोह घेणे अधिकच कठीण होते. म्हणूनच पावसाळ्यानंतर, किंवा कालव्याचे पाणी सढळ मिळू लागल्यावर, बाग एकाएकी पिवळी झाल्याचे दिसते. अशा बागेत लोहाचा अभाव आहे असे म्हणणे खोटे नाही. परंतु त्या अभावाचे कारण पाणी आहे, आणि पाणी न आवरता हिराकस फवारीत बसणे हा खर्चाचा कायमचा धंदा होऊन बसतो.

जमिनीत चुना आहे की नाही हे पाहण्यास प्रयोगशाळेत जावे लागत नाही. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन-चार थेंब मातीच्या ढेकळावर टाकावेत. फसफसून बुडबुडे आले तर चुना आहे असे समजावे. जितके फसफसणे जोराचे तितका चुना अधिक. आम्ल हाताळताना डोळ्यांची व कपड्यांची काळजी घ्यावी. ही परीक्षा केवळ वरच्या मातीवर करू नये. संत्र्याची पुष्कळशी मुळे वरच्या दोन फुटांत असली तरी खालच्या थरात चुनखडी लागली की मूळ तेथे अडते. म्हणून तीन फुटांपर्यंत खड्डा खोदून दर अर्ध्या फुटावरील मातीची परीक्षा करावी. मुक्त चुन्याचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक असलेली जमीन संत्र्याच्या लागवडीसाठी निवडू नये. जेथे लागवड होऊन गेली आहे तेथे हा सल्ला निरुपयोगी आहे, हे मान्य केले पाहिजे.

"मग जमिनीत गंधक टाकून चुना मारून टाकावा काय ?" असा प्रश्न काही बागाईतदार विचारतात. याचा हिशोब एकदा करून पाहण्यासारखा आहे. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन सुमारे २० लाख किलो भरते. त्यात ५ टक्के चुना असेल तर तो झाला एक लाख किलो. इतका चुना निष्प्रभ करण्यास सुमारे ३२ हजार किलो गंधक लागेल, आणि तेही फक्त वरच्या थरासाठी. ही गोष्ट कोणासही परवडणारी नाही. सर्व जमीन बदलण्याच्या नादी न लागता झाडाच्या घेराखाली चार-सहा लहान खड्डे किंवा एक अर्धवर्तुळाकार चर घ्यावा आणि तेवढ्याच जागी चांगल्या कुजलेल्या शेणखतात गंधक व हिराकस मिसळून भरावे. मुळे त्या जागी येऊन अन्न घेतात. ताग किंवा धैंचा यांचे हिरवे खत दोन ओळींमध्ये घेऊन गाडणेही उपयुक्त आहे.

शेणखताशिवाय नुसते हिराकस मातीत टाकणे मात्र व्यर्थ होय. चुन्याच्या संसर्गात ते थोड्याच दिवसांत गंजाच्या रूपात जाते व झाडाच्या उपयोगी पडत नाही. बाजारात चिलेटयुक्त लोह मिळते. ते घेताना वेष्टणावर काय लिहिले आहे ते वाचावे. ईडीटीए या प्रकारचे लोह फवारणीस चालते, पण चुनखडीच्या जमिनीत ते टिकत नाही. जमिनीतून द्यावयाचे असेल तर ईडीडीएचए हा प्रकार टिकतो. त्याची किंमत अधिक असते, म्हणून आधी चार झाडांवर पाहून मगच बागेस द्यावा.

बुडवून पाहण्याची परीक्षा

लोह, जस्त व मँगनीज यांच्या लक्षणांत शंका राहिली तर निकाल झाडाकडूनच घ्यावा. ही परीक्षा कोणासही करता येते आणि तीस तीन बादल्या व थोडा धीर यांपलीकडे काही लागत नाही.

एका बादलीत दर लिटर पाण्यास ५ ग्रॅम हिराकस व १ ग्रॅम सायट्रिक आम्ल घ्यावे. हिराकस फिकट हिरवे असावे. तांबूस झालेले जुने हिराकस फेकून द्यावे. दुसऱ्या बादलीत दर लिटरला ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम विरवलेला व गाळलेला चुना घ्यावा. तिसरीत त्याच प्रमाणात मँगनीज सल्फेट व चुना घ्यावा. एकाच पिवळ्या झाडावरील, साधारण सारख्या वयाच्या व सारख्या पिवळ्या चार फांद्या निवडाव्यात. तीन फांद्यांचे शेंडे एकेका द्रावणात बुडवून काढावेत, चौथी कोऱ्या पाण्यात बुडवावी. प्रत्येकीस निरनिराळ्या रंगाची चिंधी बांधावी आणि कोणती चिंधी कशाची हे वहीत टिपून ठेवावे. चिंधी बांधून टिपण न केल्यास दोन आठवड्यांनी कोणालाच काही आठवत नाही. सकाळी किंवा सायंकाळी, ऊन नसताना हे काम करावे.

दहा ते पंधरा दिवसांनी पाहावे. ज्या फांदीची पाने हिरवी होऊ लागली ते द्रव्य कमी होते. लोहाच्या बाबतीत पान सारखे हिरवे न होता जेथे जेथे थेंब टिकला तेथे हिरवे ठिपके उमटतात. हे यशाचेच चिन्ह होय, त्याने निराश होऊ नये. दोन फांद्या सुधारल्या तर दोन्ही द्रव्ये कमी आहेत. एकही फांदी सुधारली नाही, तर हा अन्नद्रव्यांचा प्रश्न नव्हे असे धरून बुंधा व मुळे पाहण्यास लागावे.

निकाल लागल्यावर त्याच प्रमाणातील द्रावण सर्व झाडांवर फवारावे. फवारणीची योग्य वेळ म्हणजे नवती फुटून पाने सुमारे दोन-तृतीयांश आकाराची झालेली पण अद्याप कोवळी असतानाची. पान जून व चरबट झाल्यावर द्रव्य आत शिरत नाही. झाड ऐन फुलोऱ्यात असताना फवारू नये. झिंक सल्फेटमध्ये चुना न घालता फवारल्यास कोवळी पाने करपण्याचा संभव असतो. युरियाही बरोबर फवारावयाचा असल्यास त्यात बाययुरेट हा दोष कमी असल्याची खात्री करून घ्यावी. संत्रावर्गीय झाडे या द्रव्यास फार नाजूक असतात. ते अधिक झाल्यास पानांची टोके पिवळी पडतात आणि देठाकडील भाग तेवढा हिरवा राहतो. पिवळेपणावर उपाय करावा आणि उपायानेच पिवळेपणा यावा, असे प्रसंग पुष्कळ घडतात.

बुंधा व मुळे

ज्या झाडाचे पाते हिरवे असून मधली शीर व बाजूच्या शिराच पिवळ्या दिसतात, त्याचा प्रकार वर सांगितलेल्यांच्या अगदी उलट आहे. येथे अन्न जमिनीत आहे, परंतु वाट अडली आहे. अशा झाडाच्या बुंध्याशी बसून माती दूर करावी. साल तपकिरी होऊन चिरली आहे काय, त्यातून डिंक ओघळतो काय, हे पाहावे. नंतर घेराखालची माती हलक्या हाताने उकरून बारीक मुळे बोटांच्या चिमटीत धरून ओढावीत. निरोगी मुळाची साल घट्ट असते. कुजलेल्या मुळाची साल मोज्यासारखी निघून येते व हातात दोऱ्यासारखी तार राहते. हा फायटोफ्थोरा या सूक्ष्म जीवाचा उपद्रव होय. बागाईतदार त्यास डिंक्या व मूळकूज या नावांनी ओळखतात. या जीवास हालचालीसाठी पाणी लागते. भारी जमीन, बुंध्याशी साचणारे आळे आणि मातीत गाडला गेलेला कलमाचा सांधा, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की त्याचे फावते.

उपाय येथे कीटकनाशकाच्या दुकानापासून सुरू होत नाही. तो फावड्यापासून सुरू होतो. बुंध्याभोवतीची माती काढून कलमाचा सांधा उघडा करावा. नवी लागवड करताना तो जमिनीपासून २० ते २५ सेंटिमीटर उंच राहील अशी कलमे घ्यावीत. मोकाट पाणी देण्याची पद्धत असेल तर दुहेरी आळे करावे, म्हणजे आतील कोरड्या वर्तुळामुळे पाणी बुंध्यास लागत नाही. ठिबक संच असेल तर तोट्या बुंध्यापासून दूर, झाडाच्या घेराकडे न्याव्यात. झाड मोठे झाले तरी तोट्या पहिल्या वर्षीच्याच जागी राहिलेल्या अनेक बागा दिसतात. पावसाळ्यापूर्वी दोन-तीन ओळींआड उताराच्या दिशेने दीड फूट खोलीचे चर काढून पाणी बागेबाहेर काढून द्यावे.

डिंक ओघळणारी साल धारदार चाकूने निरोगी भाग लागेपर्यंत खरवडून काढावी, खरवडलेला भाग गोळा करून जाळावा आणि जखमेवर बोर्डो मलम लावावे. एक किलो मोरचूद व एक किलो कळीचा चुना वेगवेगळे भिजवून एकूण दहा लिटर पाण्यात मलम तयार होते. भांडे मातीचे, लाकडाचे किंवा प्लॅस्टिकचे असावे. मिश्रणात लोखंडी खिळा किंवा सुरी क्षणभर बुडवावी. त्यावर तांबडा थर चढल्यास चुना कमी पडला असे समजून थोडा वाढवावा. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर एकेकदा, जमिनीपासून तीन फुटांपर्यंत सर्व बुंध्यांस हे मलम लावण्याचा प्रघात ठेवावा. मुळे फार कुजली असल्यास बुरशीनाशकाची निवड कृषी विद्यापीठाच्या किंवा नागपूर येथील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेच्या सल्ल्याने करावी. अशा झाडावर त्या वर्षी बहार धरू नये. मुळे अर्धी आणि फळे पुरी, हा हिशोब झाडास पेलत नाही. वाळलेली सल मात्र अवश्य काढावी.

ज्यांना चुनखडीच्या व ओलसर जमिनीत पोकळ्या भरावयाच्या आहेत त्यांनी जंबेरी खुंटाऐवजी रंगपूर लिंबाच्या खुंटावरील कलमांचा विचार करावा. रंगपूर लिंब चुना अधिक सोसतो.

एकच फांदी पिवळी

आता राहिला तो सर्वांत वाईट प्रकार. झाडाची एक फांदी पिवळी, बाकी हिरवी. तिची पाने जस्ताच्या अभावासारखी वाटतात, पण फवारून सुधारत नाहीत. अशा वेळी चांगले वाढलेले एक पान घेऊन मधल्या शिरेवर दुमडावे आणि दोन्ही अंगे ताडून पाहावीत. जस्त, लोह किंवा मँगनीज यांच्या अभावी पानाच्या दोन्ही अंगांवरील नक्षी आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे सारखी असते. ग्रीनिंग या रोगात ती सारखी नसते. एका अंगावर पिवळा डाग असतो तेथे दुसऱ्या अंगावर हिरवा. डाग शिरांची मर्यादा न पाळता वेडेवाकडे पसरलेले असतात. अशा झाडाची फळे लहान व वाकडी राहतात, कापल्यास त्यांतील बिया खुरटलेल्या आढळतात.

हा रोग एका जिवाणूमुळे होतो. तो सायला नावाच्या बारीक किडीच्या द्वारे आणि रोगी झाडावरून घेतलेल्या डोळ्यांच्या द्वारे पसरतो. भारतात ही कीड या रोगाचा प्रसार करते, हे पुण्यात संशोधन करणाऱ्या कपूर, राव व विश्वनाथ यांनी १९६७ साली दाखवून दिले. रोगी झाड बरे करून कायमचे निरोगी ठेवील असा उपाय बागाईतदाराच्या हाती नाही. म्हणून खात्री करून घेऊन झाड काढून टाकावे. खात्री केवळ डोळ्यांनी करू नये, कारण निरोगी झाड तोडणे हेही नुकसानच आहे. पानांचा नमुना संशोधन संस्थेकडे पाठवून तपासून घ्यावा. तोपर्यंत त्या झाडाचा एकही डोळा कलमासाठी घेऊ नये व नवतीवरील सायलाचा बंदोबस्त करावा. कलमे कोठून आणली, हा प्रश्न आरंभीच विचारण्याचे कारण हेच. रस्त्याच्या कडेला स्वस्तात मिळणाऱ्या कलमांबरोबर काय येते ते पाच वर्षांनी कळते.

किडींविषयी थोडक्यात. पानावर चंदेरी नागमोडी रेघा म्हणजे नागअळी. मधल्या शिरेच्या बाजूंस सुईने टोचल्यासारखे बारीक फिकट ठिपके म्हणजे कोळी. भिंग लावल्यास ते दिसतात. पान काळे पडले असून बोटाने पुसल्यावर खाली हिरवे निघाले तर ती कोळशी होय. तिचे मूळ पानाच्या खालच्या बाजूस बसलेल्या काळ्या माशीच्या पिलांत शोधावे. टोके व कडा प्रथम पिवळ्या पडून नंतर करपल्या असतील तर विहिरीचे पाणी क्षारांसाठी तपासून घ्यावे.

पाने प्रयोगशाळेकडे पाठविताना

पृथक्करणासाठी सर्वांत पिवळी पाने तोडून पाठविण्याचा मोह होतो. तो टाळावा. सुमारे सहा महिने वयाची, फळे नसलेल्या फांद्यांवरील, शेंड्याकडून दुसरे, तिसरे किंवा चौथे पान घ्यावे. झाडाच्या चारही बाजूंनी, छातीच्या उंचीवरून पाने तोडावीत. पिवळ्या झाडांची पाने एका पिशवीत आणि त्याच बागेतील चांगल्या झाडांची दुसऱ्या पिशवीत भरावी. दोन्ही नमुने शेजारी ठेवल्यावर आकड्यांना अर्थ येतो. नुकताच सूक्ष्म अन्नद्रव्यांचा फवारा दिला असेल तर नमुना घेऊ नये, कारण पानावर चिकटलेले जस्त पानातील जस्त म्हणून मोजले जाते. पाने कागदी किंवा कापडी पिशवीत घालावीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत ती घामेजून कुजतात. पिशवीवर गट क्रमांक, झाडाचे वय, खुंट, बहार, शेवटच्या फवारणीची तारीख आणि पाणी देण्याची पद्धत पेन्सिलीने लिहावी. शाई ओलाव्याने पसरते.